भागूच्या हातचं घुटं

अंबड, तालुका नाशिक
ता. १४ जून १९३४

चि. भागूस तुझी जाऊ कलाबाई हिचा आशीर्वाद. कळवणच्या शाळेतल्या मास्तरांनाही नमस्कार, कारण हे पत्र तुला वाचून दाखवणार तेच.

तू माहेरी गेल्याला दोन महिने झाले. भाऊजी गेले, तू अशी कोवळ्या वयात उघडी पडलीस, अशा वेळी बाईला माहेरची सावली बरी म्हणून तुला पाठवलं. नवसाला इथे ठेवून घेतलं ते कळवणला गोवराची साथ होती म्हणून. आता तुझा भाऊ फकिरा निरोप धाडतो की साथ सरली, पोर पाठवा. साथ काय दवंडी पिटून जाते का? पाऊसपाणी होऊ दे, मग आमचे हे स्वतः गाडी जोडून तुला आणायला येतील. तोवर निघायची घाई करू नकोस.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. तुझी पोरगी जेवत नाही. वरणभात लावला, दूधभात लावला, साजूक तुपातला शिरा केला, तोंड म्हणून उघडत नाही. संध्याकाळ झाली की चुलीपुढे येऊन बसते आणि घुटं मागते. मी उडदाची आमटी करून वाढली तर ताट लोटून दिलं. शेजारच्या मळ्यातली बायडाबाई काल तिला उचलून म्हणाली, कला, पोर कापसागत झालीय. अडीच वर्षांचं लेकरू, पण जीभ पक्की कळवणची.

माझ्या स्वयंपाकाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही हे तुला माहीत आहे. ते काळं घुटं तू या घरात आणलंस तेव्हा मीच हसले होते, म्हटलं होतं हे काय गुरांचं आंबोण. आता अडला हरी गाढवाचे पाय धरी अशी माझी गत झाली. गाढव म्हटलं म्हणून रागावू नकोस, म्हणच तशी आहे.

तर डाळ किती, पाणी किती, मिरच्या किती, लसूण कच्चा की भाजलेला, सगळं बारीकसारीक सांग. ‘अंदाजानं’ असं मास्तरांना लिहायला लावू नकोस. तुझा अंदाज तुझ्या हातात आहे, तो टपालानं येत नाही.

आणि एक सांगते. पोर तुझी आहे, नाही कोण म्हणतो? पण नवस कुणाचा होता ते विसरू नकोस. सप्तशृंगीचा गड अनवाणी मी चढले, देवीची ओटी मी भरली, आणि कूस उजवली तुझी. देवी एक दार चुकली. म्हणून तर तिचं नाव मी नवसा ठेवलं. तेव्हा तिच्या पोटाची काळजी मला तुझ्याइतकीच आहे. उलट टपाली लिही.

तुझी,
कलाबाई


अंबड
ता. ९ जुलै १९३४

चि. भागूस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मास्तरांचं अक्षर सुरेख आहे. दोन ठिकाणी त्यांनी कंसात ‘बाई थांबल्या आहेत’ असं लिहिलंय. रडत होतीस वाटतं. डाळ कशी घोटायची हे सांगताना रडायचं काय कारण, मला कळलं नाही.

तू सांगितलंस तसं केलं. मूठभर उडदाची डाळ, सालासकट, मातीच्या मडक्यात. नऊ लाल मिरच्या निखाऱ्यावर भाजलेल्या. अर्धी वाटी सुकं खोबरं, तेही भाजून. लसणाचा एक गड्डा, कच्चाच. सगळं पाट्यावर वाटायचं आणि डाळ डावाच्या पाठीनं घोटायची, रवी लावायची नाही. पण तुझी मूठ नाजूक, माझी खुरपं धरधरून रुंदावलेली. पहिल्या दिवशी डाळ जास्त पडली आणि घुटं पिठल्यासारखं बसलं. ते यांनी मुकाट्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बेतशीर जमलं. तरी पोर ताटापाशी नुसती बघत बसली. मग तुझ्या पत्राचा शेवट आठवला, की भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून त्यात घुटं धरून द्यायचं, खालची जाड भाकरी तिला चालत नाही. पापुद्रा दिला. खाल्ला. आणखी मागितला. तीन भाकऱ्यांचे पापुद्रे तिनं संपवले आणि खालची भाकरी आम्ही नवराबायकोनं खाल्ली.

माझी आठवण काढते का, असं तू विचारलंस. विचारलंस म्हणून सांगते. पहिला घास गिळल्यावर तिनं दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. या चवीमागून तू येशील असं तिला वाटलं असावं. कुणी आलं नाही, मग ती पुन्हा खायला लागली.

आता रोज संध्याकाळी तेच करते. अगदी तू सांगितलंस तस्संच, मिरची इकडची तिकडे नाही.

यांच्या मावशी भिमाबाई परवा येऊन गेल्या. दर खेपेला त्या सिन्नरकडच्या एका उपवर मुलीचं नाव काढतात आणि काढताना माझ्याकडे बघत नाहीत. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही, त्यांचं तरी काय चुकतं. पण या खेपेला नवसा यांच्या मांडीवर बसून जेवत होती. हे म्हणाले, हिलाच पुढं घरजावई आणू. सिन्नरची गोष्ट निघालीच नाही. मावशी चहा पिऊन गेल्या.

कळण्याच्या भाकरीचंही कळव. ज्वारीत उडीद किती टाकून दळायचे, मीठ दळतानाच घालायचं की मळताना? या पावसात गाडी जुंपणं होत नाही. दिवाळीनंतर बघू.

तुझी,
कलाबाई


अंबड
ता. २० नोव्हेंबर १९३४

चि. भागूस आशीर्वाद.

न कळवता येणाऱ्याची अशीच फजिती होते. भाऊबीजेला तू फकिराला घेऊन उभी राहिलीस आणि नेमकी पोर त्या दिवशी यांच्याबरोबर भाजीच्या गाडीवर देवळाली कॅम्पला गेलेली. गोऱ्यांच्या खानावळीला कोबी पोचवायचा होता. तू दुपार ढळेपर्यंत बांधावर बसलीस, त्याला मी काय करणार? चहा विचारला, तू घेतला नाहीस.

बायडाबाईनं तुला वाटेत गाठून सांगितलं म्हणे, की पोर कॅम्पला नव्हती, तिच्याच घरात होती. बायडाबाईला बोलायला लागतंच काहीतरी. आणि समजा असली तिथे, तर काय? तुला पाहून पोर महिनाभर रडली असती, आणि ती उस्तवार मी केली असती. तू आपली माहेरी निघून गेलेली.

आता लिहितेस की आधी पोर द्या, नाहीतर यापुढे एकही पदार्थ सांगणार नाही. नको सांगूस. आठवडा झाला, ती फुणके मागते आहे. तू इथे कढीबरोबर करायचीस ते. मी डाळी भिजवून, भरड वाटून, मुटके वळून वाफवून पाहिले, तर सगळे फुटले. ते पाहून तिनं तोंड फिरवलं, आता घुटंही नको म्हणते. दोन दिवस ताकभाकरीच्या दोन घासांपलीकडे गेलेली नाही.

तुझा हट्ट आणि तिचं पोट. तुम्ही मायलेकी आपसात ठरवा. मी मध्ये कोण?

तुझी,
कलाबाई


अंबड
ता. २ फेब्रुवारी १९३५

चि. भागूस आशीर्वाद.

फुणक्यांचं तुझं पत्र आठव्या दिवशीच आलं होतं, पोच द्यायची राहून गेली. वाफवताना भांड्याच्या तळाशी तुरीच्या काड्या घालायच्या हे मला ठाऊक नव्हतं. चांगले झाले.

फकिरानं जातीच्या पंचांकडे गाऱ्हाणं नेलं ते योग्यच केलं. एकदा निकाल लागलेला बरा. हे परवा पंचांना भेटून आले. आम्ही म्हणतो पोर आमच्या वंशाची, तुम्ही म्हणता आईची, आणि तीन वर्षांच्या पोराला विचारून काय उपयोग? जो खाऊ देईल त्याचं नाव घेईल. तेव्हा यांनीच तोडगा सुचवला. दोघींनी एकाच जागी तेच घुटं, तीच भाकरी रांधायची. दोघींनी पडद्यामागे बसायचं. ताटं तिसऱ्या बाईनं पोरीपुढे ठेवायची. पोर ज्या हातचं जेवेल त्या हाताला पोर. पंचांना पटलं. फकिरा तर तिथल्या तिथे हो म्हणाला.

मास्तर लिहितात की हे ऐकून तू फार दिवसांनी हसलीस. हसशीलच. घुटं तुझं, जीभ तुझ्या लेकीची, मी आपली तुझ्यापाशी टपालानं शिकलेली. नक्कल ती नक्कल.

पण जाऊ म्हणून एक सांगते, कपटानं मिळवलेलं पचत नाही. पोर आता मोठी झालीय. नऊ मिरच्यांचं घुटं तिला मिळमिळीत लागतं. मी बारा घालते. तू जुन्या हिशेबानं नऊच घातल्यास तर हरशील. मागाहून म्हणू नकोस की मी सांगितलं नाही.

चैत्रात, रामनवमीनंतरच्या रविवारी, नाशकात जातीच्या धर्मशाळेत भेटू.

तुझी,
कलाबाई


अंबड
ता. ३ मे १९३५

गं. भा. भागुबाईस.

मास्तर, हे पत्र लांब आहे. सावकाश वाचा आणि बाईंची दया येऊन मधलं काही गाळू नका. वर्षभर त्यांच्याबरोबर तुम्हीही फसत आलात, तेव्हा तुम्हालाही कळलेलं बरं.

भागू, त्या रविवारपासून तू एकच घोकत असशील, की असं झालं कसं. माझंच घुटं, माझीच पोर, आणि तिनं ते थुंकलं कसं? ते सांगायला हे पत्र. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. यांना सांगितलं तर घाबरतील. बायडाबाईला सांगितलं तर वेशीपर्यंत जाईल. आणि खरं म्हणजे या कामाची कदर करील अशी रांधणारी माझ्या ओळखीत एकच आहे.

नऊ मिरच्यांचं घुटं मी तुझ्या पोरीला पंधरा दिवस दिलं. तिच्या अंगावर मांस आलं तशा आठ केल्या. तिला कळलं नाही. श्रावणात सात. एकदा घाई नडली, एकदम दोन कमी केल्या तर पोर उपाशी उठली. मग एक परत वाढवली आणि तीन आठवडे थांबले. पुढे घुट्याचा रंग उतरायला लागला. ती आधी रंग बघते, मग घास घेते, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मग कॅम्पच्या गोऱ्यांसाठी लावलेली बेलवांगी, ज्यांना तुम्ही टमाटे म्हणता, ती निखाऱ्यात भाजून वाटणात घातली. रंग पूर्वीसारखा काळपट तांबूस आला. दसऱ्यापासून लसूण तुपात परतायला लागले. खोबरं दुप्पट केलं. दिवाळीनंतर गुळाचा खडा. संक्रांतीला मिरची उरली होती एक, तीही बिया काढून. वाफ्यातलं रोप मुळाला कळू न देता हलवावं लागतं, ते माळ्याच्या घरात जन्मून तुला मी काय सांगावं?

फुणक्यांचं आणि भाकरीचंही तेच. फुणक्यांतली मिरची काढून कांदा वाढवला, कळण्यातले उडीद निम्म्यावर आणले. पापुद्रा तेवढा ठेवला. तो बदलायला गेले असते तर हात तुझा नाही हे तिला कळलं असतं.

आणि पत्रात तुला लिहिलं, तस्संच करते. बारा मिरच्यांचं लिहिलं तेव्हा मात्र लेखणी थोडी अडली होती. यांच्या तोंडी तो तोडगा घालणारी मीच होते, हे आता ओळखलंच असशील.

धर्मशाळेच्या अंगणात तू कळवणहून आणलेलं मडकं चुलीवर ठेवलंस आणि वाटायला बसलीस, तेव्हा तुझ्या मिरच्यांचा ठसका पंचांपर्यंत गेला. तू माझ्याकडे बघून हसलीससुद्धा. मला वाटतं, तू माझे आभार मानत होतीस.

पडद्यामागून तुला दिसलं नसेल म्हणून सांगते. बायडाबाईनं नवसाला मांडीवर घेतलं. पहिलं ताट तुझं होतं. पोरीनं पापुद्रा पाहिला आणि हसून आपणहून हात घातला. घास तोंडात गेला. एकदम डोळे भरले, नाकातून पाणी आलं. तिनं घास थुंकला, परकराला जीभ पुसली आणि म्हणाली,

“हे माझ्या आईचं नाय.”

एवढं तू ऐकलंस. मग तुला पडद्यामागे राहवलं नाही. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, “नवसा, मी हाय गं तुझी आई.” पोर बायडाबाईच्या पदरात शिरली. एक वर्ष फार असतं गं त्या वयात. मग माझं ताट पुढे आलं आणि ती जेवली. पोटभर जेवली.

फकिरानं माझं फेब्रुवारीचं पत्र पंचांपुढे धरलं, की बघा, हिनंच बारा मिरच्या घालायला सांगितल्या. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. त्यात काय होतं, तर पोरीला तिखट आवडतं. थोरले पंच काय म्हणाले ते तुझ्या कानावर पडलंच आहे, तरी मास्तरांसाठी लिहिते. ते म्हणाले, “लेकराला काय आवडतं ते आईनं टपालानं शिकायचं व्हय?” त्याचं खरं उत्तर मी आता लिहिते आहे. हे पत्र घेऊन पुन्हा पंचांकडे गेलीस तरी माझी हरकत नाही. पोर पुन्हा तेच म्हणेल.

तू मला शिव्याशाप देत असशील. दे. पण मला पुरती कैदाशीण समजू नकोस. तुझी पोर गेली असती तर चार महिन्यांत त्या सिन्नरच्या मुलीच्या हातात माझं स्वयंपाकघर गेलं असतं आणि मी तिच्या पोरांचे लंगोट धूत बसले असते. हे नवसाला मांडीवर घेतात तेव्हा माझ्याशीही नीट बोलतात. बारा वर्षांत पहिल्यांदा. आपल्यात पाटाची चाल आहे, तुझं वय आहे, पुन्हा संसार होईल, दुसरी होईल, तिसरी होईल. मला एकच होणार होती आणि तीही तुझ्या पोटी झाली. तुझा नवरा मेल्यावर मी रडले, ते खोटं नव्हतं. पण तेराव्याला पोर झोपेत माझ्या कुशीत सरकली तेव्हाच मी ठरवलं की ही आता जायची नाही.

ज्या आठ दिवसांत तू फुणके सांगायचं नाकारलंस ना, तेवढे आठ दिवस मी खरी भ्यायले होते. तू आणखी पंधरा दिवस नेट धरला असतास तर पोर हातची जाईल म्हणून मीच तिला तुझ्या दारात आणून सोडली असती. पण तुला तिची भूक सोसवली नाही. मला ठाऊक होतं सोसवणार नाही. आईला सोसवत नाही म्हणतात. मला सोसवली, हा आपल्या दोघींतला फरक, हवा तर पंचांना सांग.

आता यापुढे पत्र नको. पोस्टमनला सांगून ठेवलंय. गरज सरली.

एक मात्र कुणाशी तरी बोलायचं राहिलं आहे. त्या दिवशी बैलगाडीत घरी येताना पोरीनं विचारलं, ती बाई का रडत होती. मी म्हटलं, तिला तिखट लागलं. ती विल्होळीच्या बाजूचे डोंगर बघत माझ्या मांडीवर आडवी झाली. मला वाटलं झोपली. मग म्हणाली,

“मंग तिला कोनी पानी का नाय दिलं?”

मी म्हटलं, देतील. पण ते तिच्या मनातून जात नाही. रोज संध्याकाळी ताट वाढलं की हात आखडून बसते आणि विचारते, त्या बाईला पाणी दिलं का. हो म्हटल्याशिवाय घास घेत नाही. मी रोज हो म्हणते. आज एकोणिसावा दिवस.

मास्तर, पत्र संपलं. तिला पाणी द्या.

कलाबाई